लाईन गेल्यावर कोण लवकर सावरतो: स्क्विड, व्हार्निश की एनजिनएक्स?

तालुक्यातून बाजारभावाची वेबसाइट चालवणारे किंवा शाळेची संगणक खोली सांभाळणारे कॅश सर्व्हर, म्हणजे एकदा आणलेली पानं साठवून पुन्हा तीच देणारं सॉफ्टवेअर, निवडताना आधी वेग विचारतात. स्क्विड, व्हार्निश आणि एनजिनएक्स ही त्यातली तीन नावं. आपल्या विदर्भात त्याआधी दुसरंच विचारायला हवं. भर दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टर बसला, मशीन धाडकन बंद पडलं, तर लाईन आल्यावर सर्व्हर आपोआप उभा राहील का? नाही राहिला, तर कारण कुठे वाचायला मिळेल?

स्क्विड यातला सगळ्यात जुना, १९९६ पासूनचा. डिस्कवरच्या कॅशची नोंद तो 'स्वॅप स्टेट' फाइलीत ठेवतो. मशीन अचानक बंद पडलं की सुरू होताना ती सगळी नोंद पुन्हा जुळवत बसतो आणि कॅश लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीच्या फाइलीत, 'रिबिल्डिंग' असं लिहितो. जुन्या हार्डडिस्कवर याला बराच वेळ लागतो. तो अडकला असं समजून पुन्हा बंद करू नका, काम पहिल्यापासून सुरू होईल. मेमरीचा हिशेबही फसवा आहे. ६४-बिट मशीनवर दर जीबी डिस्क कॅशमागे साधारण १४ एमबी रॅम नुसत्या सूचीला लागते, म्हणजे १०० जीबीला जवळपास दीड जीबी, आणि 'कॅश मेम' या सेटिंगमध्ये दिलेली मेमरी त्याहून वेगळी. दोन जीबीच्या मशीनवर मग मेमरी संपते आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमच स्क्विडला बंद पाडते. तेव्हा कॅश लॉगमध्ये चकार शब्द नसतो; खरं कारण लिनक्सच्या स्वतःच्या नोंदीत, 'डीमेसेज'मध्ये सापडतं. शिवाय आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या कुलूपबंद जोडणीवर, असल्याने डेटा वाचवण्यासाठी स्क्विड बसवण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. मुलांनी कोणत्या साइट उघडायच्या यावर लक्ष ठेवायचं असेल, तर मात्र तोच घ्या.

व्हार्निश २००६ साली नॉर्वेतल्या एका वृत्तपत्राच्या साइटसाठी आला आणि वर्दळीच्या साइटसाठीच तो शोभतो. त्याच्या दोन प्रक्रिया असतात. काम करणारी कोसळली की देखरेख करणारी तिला लगेच उभी करते, त्यामुळे क्रॅश झाल्याचं कित्येकदा कळतही नाही. पण मेमरीतली कॅश तोवर साफ झालेली असते. कापूस खरेदीच्या दिवसांत सकाळी सगळे एकदम भाव बघायला येतात. अशा वेळी कॅश रिकामी झाली तर सगळा भार मागच्या साइटवर, म्हणजे पानं मुळात जिथून येतात त्या सर्व्हरवर, पडतो, ती दमते आणि लोकांना ५०३ हा एरर दिसतो. मग आपण मागच्या सर्व्हरलाच दोष देत बसतो. म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी 'व्हार्निशअ‍ॅडम' या त्याच्या साधनात 'पॅनिक शो' ही कमांड चालवा. क्रॅशची ती नोंद देखरेख करणाऱ्या प्रक्रियेकडे असते, रीस्टार्ट केलं की गेली. आणि लाईन गेली तर नोंद आणि कॅश दोन्ही जातात.

खेड्यात, टेबलाखाली ठेवलेल्या मशीनसाठी मी एनजिनएक्सच सुचवेन. त्याची कॅश डिस्कवर असते, मशीन पुन्हा सुरू झालं तरी राहते. उत्तर आधी तात्पुरत्या फाइलीत लिहून मग जागेवर हलवलं जातं, त्यामुळे अर्धवट पानं सहसा पुढे येत नाहीत. चुकाही सरळ वाचता येतात. ५०२ म्हणजे बहुधा मागचा सर्व्हर बंद आहे, ५०४ म्हणजे त्याने वेळेत उत्तर दिलं नाही, आणि नेमकी ओळ एरर लॉगमध्ये मिळते. 'प्रॉक्सी कॅश यूज स्टेल' हे सेटिंग मात्र आठवणीने चालू करा, ते मुळात बंद असतं. ते चालू असलं की मागची साइट पडली तरी आधीचं पान दिसत राहतं. शेतकऱ्याला एरर दिसण्यापेक्षा सकाळचा भाव वेळेसह दिसलेला बरा.

त्याची एक उणीव खरी आहे. चुकलेला भाव कॅशमधून तेवढाच काढून टाकण्याची सोय फुकट आवृत्तीत मुळातून नाही, व्हार्निशमध्ये ती सहज आहे. भावाच्या पानांची मुदत दोन-तीन मिनिटं ठेवली तर यावर भागतं. साइट भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तिथे वीज अखंड असेल आणि गर्दी मोठी असेल, तर व्हार्निशच घ्या.

निवड काहीही करा, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला असताना सर्व्हर फक्त दुपारीच 'सिग्नल ११'ने, म्हणजे मेमरीतल्या चुकीने, मरत असेल आणि रात्री नीट चालत असेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी पंख्यातली धूळ काढा आणि रॅम तपासून घ्या.