हनोईची निळी नोट

व्हिएतनामला निघणाऱ्यांना मला आधी एकच सांगायचंय. तिथली २० हजार डाँगची नोट निळी असते आणि ५ लाखांचीही निळीच. दोन्हींवर व्हिएतनामचे राष्ट्रनेते हो चि मिन्ह यांचाच चेहरा. पहिलीची किंमत आपल्या पासष्ट-सत्तर रुपयांएवढी, दुसरीची सोळाशेच्या वर.

आम्ही दोघं जानेवारीत गेलो होतो. हे निवृत्त झाल्यानंतरचा आमचा पहिला परदेश प्रवास. व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून २५ डॉलर भरून काढला होता (तसल्याच नावाची खासगी संकेतस्थळं जास्त पैसे घेतात, नाव नीट वाचा), हॉटेलं आधी ठरवली होती, त्यामुळे तयारी पुरेशी झाली असं वाटत होतं.

पहाटे हनोईच्या नोइ बाइ विमानतळाबाहेर आलो तर धुकं, भुरभुर पाऊस आणि तेरा अंश. व्हिएतनाम म्हणजे उकाडा असं डोक्यात बसलेलं, अंगात एकेक पातळ स्वेटर. उत्तर व्हिएतनामचा हिवाळा ओला असतो, गारठा हाडांत शिरतो. अशात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस "टॅक्सी, टॅक्सी, मीटर" म्हणत पुढे आला आणि बॅगा उचलून चालू लागला. ग्रॅब हे टॅक्सी बोलावायचं ॲप आमच्या फोनमध्ये होतं. त्यात भाडं आधीच दिसतं. पण ऊब हवी होती, म्हणून बसलो.

जुन्या शहरापर्यंत साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. मीटर ३९० वर थांबला. तिथे शेवटची तीन शून्यं दाखवत नाहीत, म्हणजे ३ लाख ९० हजार. एवढं आम्हाला ठाऊक होतं. यांनी ५ लाखांची नोट पुढे केली. चालकाने ती घेतली, क्षणभर मांडीकडे मान खाली घातली आणि वळून आम्हाला निळी नोट दाखवली. "ट्वेंटी! ट्वेंटी!" गाडीत अंधार, मागून हॉर्न. खरंच वीस हजारांची नोट. हे ओशाळले, सॉरी म्हणाले आणि दुसरी ५ लाखांची काढून दिली. त्याने ती 'आमची' वीसची नोट परत केली, वर सुटे एक लाख दिले, बॅगा फुटपाथवर ठेवल्या आणि तो गेला.

सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरवर काढलेला माणूस. संध्याकाळी पलंगावर नोटा मांडून बसले आणि एकदम गप्प झाले. विमानतळावर २०० डॉलर बदलले होते, त्याची पावती समोर होती. ५० लाख डाँग, ५ लाखांच्या ९ नोटा आणि लाखाच्या ५. वीस हजारांची एकही नोट आम्हाला मिळालीच नव्हती. मग आम्ही ती दिली कशी? हिशेब केला तर ४ लाख ९० हजार गेले होते. सोळाशे रुपयांनी आमचं काही अडलं नसतं. पण हे रात्रभर तळमळत होते. "अगं, नोट हातातून सुटली की पुन्हा ओळखायची नसते, आणि मी त्याची माफी मागितली," असं दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी होआन किएम तळ्याच्या काठी, लाल लाकडी पुलाजवळच्या बाकावर बसून यांनी मला दोन्ही नोटा शिकवल्या. वीसच्या मागे होइ आनचा छपराचा जपानी पूल, पाच लाखांच्या मागे हो चि मिन्ह यांचं किम लिएनचं घर. मोठी नोट दीड सेंटीमीटरने लांब. दोन्ही प्लॅस्टिकच्या, त्यामुळे बोटांना फरक कळत नाही. कागदी नोटेची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्या. तेव्हापासून नोट देताना आम्ही ती उंच धरायचो, रक्कम मोठ्याने म्हणायचो आणि समोरच्याने मान हलवल्यावरच सोडायचो. तळ्याजवळ फळांची कावड एकीने माझ्या खांद्यावर ठेवून फोटो काढा म्हटलं, तेव्हा मी ती लगेच उतरवली. फोटोनंतर फळं गळ्यात मारतात.

पुढे दक्षिणेकडच्या फु क्वोक बेटावर गेलो. दोन तासांच्या विमानाने स्वेटरातून थेट तीस अंशांत. नारळ, पांढरी वाळू, माशांच्या सॉसचा वास. माझं माहेर मालवणकडचं, मला घरी आल्यासारखं झालं. म्हणूनच मी तिथे सैल पडले. रात्रीच्या बाजारात टाकीतली जिवंत मोठी कोळंबी होती, वर पाटी १८०. किलोला १ लाख ८० हजार, म्हणजे सहाशे रुपये, असं मी धरलं. आपल्याकडच्या भावाशी ते जुळत होतं. पिशवीत पाण्यासकट तोलली, ८०० ग्रॅम भरली. पाणी काढून तोला, हे मालवणात मी पहिल्यांदा म्हणाले असते. इथे म्हणाले नाही.

बिल १४ लाख ४० हजारांचं. भाव १०० ग्रॅमचा होता म्हणे.

पाटीवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि सुदैवाने टाकीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. या वेळी हे उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. फोटो टेबलावर ठेवला आणि ११३ हा पोलिसांचा नंबर फोनवर टाइप करून दाखवला. अर्धा तास गेला. शेवटी ७ लाखांवर मिटलं. तेही जास्तच होते, पण रात्र झाली होती आणि मला हॉटेलवर जायचं होतं. मासे घेताना भाव किलोचा की शंभर ग्रॅमचा, हे कागदावर लिहून घ्या, वजन कोरडं करा आणि चुलीवर जाण्याआधी एकूण रक्कम विचारा.

माझी नणंद आणि तिचे यजमान पुढच्या महिन्यात त्याच मार्गाने जाणार आहेत. टॅक्सीवाल्याने परत केलेली ती वीस हजारांची नोट आम्ही खर्च केली नव्हती. उरलेल्या एका पाच लाखांच्या नोटेसोबत ती तिला दिलीय. रोज रात्री दिवा मंद करून दोन्ही हातात घेतेय म्हणाली.