गुडघ्याची झीज: स्टिरॉइडचे इंजेक्शन घ्यावे की पीआरपी?

गुडघे दाखवायला सांगली-मिरजेला येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या रुग्णाला गोळ्या आणि व्यायाम यांनी आराम पडला नाही, की त्याच्यापुढे बहुधा या दोन इंजेक्शनांचा पर्याय येतो.

स्टिरॉइड सांध्यातला दाह दाबते. आराम काही दिवसांतच पडतो, पण तो टिकतो काही आठवडे. तासगावकडच्या बागायतदाराची द्राक्षछाटणी तोंडावर आली असेल आणि सुजलेल्या गुडघ्यामुळे पाय टेकवत नसेल, तर मी स्टिरॉइडच सुचवीन. मात्र मधुमेह असल्यास पुढचे काही दिवस साखर वाढते, हे ध्यानात ठेवावे. पुन्हापुन्हा घेण्यासारखे ते औषध नव्हे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत 140 रुग्णांपैकी काहींना दोन वर्षे दर 12 आठवड्यांनी स्टिरॉइड आणि इतरांना तुलनेसाठी औषध नसलेले मिठाचे पाणी टोचले, तेव्हा स्टिरॉइडच्या गटात कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारे गुळगुळीत आवरण) अधिक झिजली आणि वेदनेत मात्र फरक आढळला नाही.

पीआरपीमध्ये (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) रुग्णाचेच रक्त सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवून प्लेटलेट्सचे प्रमाण वाढवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, सांध्यात सोडतात. जखमेवर जमलेल्या प्लेटलेट्स ज्या प्रथिनांनी ऊतींच्या दुरुस्तीला चालना देतात, तीच प्रथिने गुडघ्यात पोचवावीत, हा त्यामागचा विचार आहे. आराम पडलाच तर तो सावकाश पडतो, आणि खर्च स्टिरॉइडच्या कितीतरी पट असतो. काही छोट्या चाचण्यांत त्याचा गुण सहा महिने ते वर्षभर दिसला. परंतु 288 रुग्णांवरील ऑस्ट्रेलियातील 2021 च्या चाचणीत वर्षअखेरीस पीआरपी आणि मिठाचे पाणी यांत वेदनेच्या किंवा कूर्चेच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या चाचणीतल्या प्लाझ्मात प्लेटलेट्स कमी होत्या, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो मला विचारात घेण्याजोगा वाटतो, कारण पीआरपी तयार करण्याची पद्धत ठिकठिकाणी वेगळी असते.

म्हणूनच झीज सौम्य वा मध्यम असेल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने नेमाने करून झाले असतील आणि कर्ज न काढता खर्च पेलत असेल, तरच पीआरपीचा विचार करावा. झिजलेली कूर्चा त्याने पुन्हा भरून येते, असे कोणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नयेत. हाडाला हाड घासू लागलेल्या गुडघ्यासाठी सांधेरोपणाबद्दलच बोलणे रास्त आहे.

पीआरपी ठरलेच, तर आपल्या प्लाझ्मात प्लेटलेट्स किती पट होणार हे डॉक्टरांना आधी विचारावे, आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या तेही त्याच भेटीत लिहून घ्यावे.