एएफ: क्रायो, आरएफ की गोळ्या? आमच्या घरातले तीन अनुभव

गेल्या दोन वर्षांत आमच्या नात्यात एएफचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे ठोके मध्येच अनियमित होण्याचे), तीन पेशंट निघाले. मी क्रायो करून घेतलं, म्हणजे हृदयातली गडबडीची जागा गोठवून घेतली, डोंबिवलीच्या आतेभावाने आरएफ, म्हणजे ती भाजून घेतली, आणि दादरची मावशी दोन्हीला हात जोडून गोळ्यांवरच राहिली. आता ओळखीत कुणाच्या ईसीजीवर एएफ आलं की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: "क्रायो चांगलं की आरएफ?"

हा नंतरचा प्रश्न झाला. आधी बघायचं ते गोळ्यांवर भागतंय का.

मावशीचं भागतं. वय 74, धडधड महिन्यातून एखाद्या वेळी, तीही देवपूजा आटपेपर्यंत थांबते. ठोक्यांचा वेग आवरणारी एक गोळी आणि रक्त पातळ करणारी एक, एवढ्यावर ती खूश आहे. माझं तसं नव्हतं. आठवड्यातून दोनदा एएफचा अटॅक (हार्ट अटॅक नव्हे), आणि तो आला की चर्नी रोडच्या पुलाच्या मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभं राहायचं. अमिओडॅरोनने फरक पडला, पण सहा महिन्यांत थायरॉइड बिघडलं. ही गोळी घेणाऱ्याला थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या अधूनमधून कराव्याच लागतात.

गोळ्या आधी की क्रायो आधी, याची सरळ तुलना 'अर्ली-एएफ' या अभ्यासात झाली आहे. 303 पेशंट, सगळ्यांच्या कातडीखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. वर्षभरात ठोके पुन्हा बिघडले ते क्रायोवाल्यांपैकी 42.9 टक्के जणांचे, गोळ्यावाल्यांपैकी 67.8 टक्के. पेशंटला स्वतःला जाणवेल असा त्रास मात्र क्रायोवाल्यांत 11 टक्क्यांना झाला, गोळ्यावाल्यांत 26 टक्क्यांना. "एकदा केलं की कायमचं मिटलं" असं कुणी सांगत असेल, तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा. अटॅक कमी होतात, हलके होतात. मला तेवढं पुरेसं होतं.

आता क्रायो आणि आरएफ. 1998 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. हायसागेर यांच्या गटाने दाखवून दिलं, की ही गडबड बहुतेक वेळा फुफ्फुसांतून हृदयाच्या डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होते. त्या तोंडाभोवती व्रणाचं कडं करून विजेची वाट अडवायची, दोन्ही पद्धती हेच करतात, यालाच ॲब्लेशन म्हणतात. आरएफमध्ये तारेच्या टोकाने ठिपक्याला ठिपका जोडत भाजत जातात. क्रायोत शिरेच्या तोंडात फुगा बसवून अख्खं कडं एकदम गोठवतात, साधारण तीन-चार मिनिटं, उणे 40 ते 50 अंशांपर्यंत.

मला पूर्ण भूल नव्हती, गुंगी होती. फुगा गार झाला आणि कपाळात कळ आली, चौपाटीवर बर्फाचा गोळा घाईघाईने चोखल्यावर येते अगदी तीच. उजव्या बाजूच्या शिरांची पाळी आली तेव्हा पोट उचकीसारखं सारखं उडत होतं. श्वासपटलाची नस तिथून जवळ जाते, ती शाबूत आहे ना हे बघायला मुद्दाम उडवतात. उडणं मंदावलं की गोठवणं लगेच बंद. क्रायोची खास जोखीम हीच, आणि नस दुखावली तरी बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते.

खरा त्रास घरी आल्यावर. छेद जांघेत असतो, तिथल्या शिरेतूनच फुगा हृदयापर्यंत नेतात. सहा तास पाय न वाकवता पडून राहिलो, ते जमलं. पण आमची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि संडास भारतीय. नर्सने बजावलं होतं, "काका, आठवडाभर उकिडवं बसायचं नाही." शेवटी मेहुण्याने कमोडची खुर्ची भाड्याने आणली. घरी जायच्या आधीच आणून ठेवा. पुढे दोन आठवडे कोरडा खोकला आणि दीर्घ श्वास घेताना छातीत टोचणं. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा अटॅक आला आणि मी रडकुंडीला आलो. डॉक्टर म्हणाले, पहिले दोन-तीन महिने आम्ही धरत नाही, आतली सूज असते. त्यानंतर वर्षभरात दोनदा, तेही थोडक्यात.

आतेभावाचं एएफ महिनोन् महिने सलग चाललेलं होतं. अशा पेशंटला शिरांपलीकडेही कुठे भाजावं लागू शकतं, म्हणून त्याच्या डॉक्टरांनी आरएफ निवडलं. पूर्ण भूल, वेळ जास्त, आणि आठ महिन्यांनी दुसऱ्यांदा करावं लागलं. आता बरा आहे.

येऊन-जाऊन होणाऱ्या एएफमध्ये मात्र दोन्हींत फारसं डावं-उजवं नाही. 2016 च्या 'फायर अँड आइस' अभ्यासात 762 पेशंट होते, वर्षभरात अपयश क्रायोत 34.6 टक्के, आरएफमध्ये 35.9. क्रायोला सरासरी 124 मिनिटं लागली, आरएफला 141, पण क्रायोत एक्स-रे थोडा जास्त. म्हणून अशा पेशंटला मी सांगतो, तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यात जास्त बसलाय ते करा. "महिन्याला किती करता?" हे विचारायला लाजू नका. विजेच्या क्षणिक झटक्यांनी काम करणारी पल्स्ड फील्ड ही नवी पद्धतही आता आली आहे, अमेरिकेत तिला डिसेंबर 2023 मध्ये पहिली परवानगी मिळाली. मेडिक्लेम असेल तर फुगा-कॅथेटरचे पैसे मंजुरीत धरलेत का, हे टीपीएकडून (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीकडून) लेखी घ्या. माझे तिथेच अडकले होते.

दोन्ही पद्धतींत अगदी क्वचित अन्ननलिकेला इजा होते. पहिल्या दोनेक महिन्यांत ताप आला किंवा गिळताना दुखलं, तर गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका, परस्पर एंडोस्कोपी तर मुळीच नको. थेट ज्यांनी ॲब्लेशन केलं त्यांच्याकडे जा.

आणि रक्त पातळ करायची गोळी. ती ॲब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने सगळ्यांनाच असते. पुढे ती सोडायची की नाही, हे वय, बीपी, डायबेटिस, आधीचा स्ट्रोक यांवर ठरतं, धडधड थांबली का यावर नाही. मला बीपी आणि डायबेटिस दोन्ही आहेत. त्यामुळे मावशीची गोळी आणि माझी गोळी आजही एकच आहे, दिवसातून दोनदा, आणि विसरलो की तीच फोन करून आठवण करते.