अर्जुन, बिजा की सालई? सूज उतरवणारा घटक वेगळा काढायचा असेल तर

नागपुरात एम.फार्म.चा प्रकल्प ठरवताना 'सालीतले सूज उतरवणारे घटक' हा विषय हमखास पुढे येतो. जंगल जवळ आहे, इतवारीत जडीबुटीची दुकानं आहेत. झाड कोणतं घ्यायचं, एवढंच अडतं.

अर्जुनाची साल सहज मिळते. बाहेरून राखी-पांढरट, गुळगुळीत; आतून गुलाबीसर. काळपट, खोल भेगांची दिसली तर ती ऐन या दुसऱ्या झाडाची असू शकते, म्हणून आधी वनस्पतीशास्त्र विभागाकडून ओळख पक्की करून घ्या. अर्जुनोलिक आम्ल, अर्जुनिक आम्ल हे तिचे कामाचे घटक. खरी अडचण टॅनिन या तुरट द्रव्याची, आणि ते या सालीत भरपूर असतं. सूज उतरवण्याचा गुण तपासायला अल्ब्युमिन हे प्रथिन तापवून गढूळपणा मोजायची चाचणी स्वस्त, म्हणून विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतात. पण टॅनिन स्वतःच प्रथिनाला चिकटतं, त्याचा साका बसवतं. मग हाती आलेला आकडा अर्जुनोलिक आम्लाचा की टॅनिनचा, हे कोणीच सांगू शकत नाही. टॅनिन काढल्याशिवाय अर्काच्या आकड्यांवर प्रबंध उभा करू नका. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

बिजाच्या नादी शक्यतो लागू नका. त्याचा गाजलेला घटक, टेरोस्टिल्बिन, मुख्यतः गाभ्याच्या लाकडात असतं, पेले होतात त्या लाकडात. शिवाय लाकडासाठी हे झाड आधीच बेसुमार तोडलं गेलंय.

माझं मत सालईला. काटेकोर बोलायचं तर ही साल नव्हे, सालीला खाच दिल्यावर झरणारा डिंक. पण त्यातली बॉस्वेलिक आम्लं वेगळी काढणं सोपं आहे: अल्कोहोलमध्ये अर्क, मग अल्कलीत विरघळवणं, गाळणं, आम्ल घालून साका पाडणं. ती ५-लिपॉक्सिजिनेज या सूज वाढवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखतात, हे १९९२ पासून नोंदलेलं आहे. या आम्लांपैकी सर्वांत जोरकस एकेबीए. म्हणजे घटक माहीत आणि तो कुठे काम करतो तेही माहीत. मात्र या विकराच्या चाचणीत तुलनेला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक ठेवू नका, ते मुख्यतः सायक्लोऑक्सिजिनेज या वेगळ्या विकरावर काम करतं. ५-लिपॉक्सिजिनेजलाच रोखणारं झायल्यूटॉन हे औषध घ्या.

मार्गदर्शक सालीवरच अडून बसले तर अर्जुन घ्या, टॅनिन काढायला पुरेसा वेळ राखून. सालई घेतली तर डिंक दळण्याआधी फ्रीजरमध्ये गोठवा. नागपूरच्या उन्हाळ्यात तो मिक्सरच्या पात्याला चिकटून बसतो.