‘हात बसायला वेळ लागतो’ : शिवण शिकताना माझी झालेली फसवणूक

शिवण नव्याने शिकणाऱ्या माणसाला फसवणं सोपं जातं, कारण बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचा दोष तो आधी स्वतःच्या हाताला देतो. टीप सुटली, बाही बसली नाही, शिवणीपाशी कापड गोळा झालं, की जाणता माणूस सुई बदलून बघतो, दोऱ्याचा ताण बघतो, पॅटर्न म्हणजे कापड बेतायचा कागदी आराखडा पुन्हा मोजतो. नवखा म्हणतो, मला अजून जमत नाही. मी ज्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला पैसे भरले, त्यांचा सगळा धंदा नवख्यांच्या या सवयीवर चालला होता. मी शंका विचारली की मार्गदर्शकाचं उत्तर ठरलेलं असायचं, “ताई, हात बसायला वेळ लागतो.” हे वाक्य खरं आहे, म्हणूनच ते इतके दिवस खपलं. शिवणाला हात बसायला वेळ लागतोच. पण चुकीच्या पॅटर्नवर आणि खोट्या कापडावर हात कधीच बसत नाही.

जाहिरातीत सगळं एकाच ठिकाणी मिळणार होतं. घरपोच शिवणयंत्र, शुद्ध सुती कापड, तयार पॅटर्नचा संच, आधी चित्रित केलेले धडे, शंकांसाठी मार्गदर्शक, शेवटी आंतरराष्ट्रीय मान्यतेचा फॅशन डिझाइनचा डिप्लोमा आणि वर घरबसल्या कामाची हमी. अनोळखी विषयात पाऊल टाकताना हे सोयीचं वाटतं. यंत्र कोणतं घ्यायचं, सुई कितीची, कापड कसलं, यातलं काहीही स्वतः ठरवावं लागत नाही. पण तुलना करायला आपल्याकडे दुसरं काही उरतही नाही. यंत्र त्यांचं, कापड त्यांचं, पॅटर्न त्यांचा आणि बरोबर-चूक सांगणारा माणूसही त्यांचाच.

यंत्रापासून सांगते. ‘जाड कापडही सहज शिवणारं’ असं लिहिलेल्या खोक्यातून एक हलकं, हातात मावणारं यंत्र निघालं. त्यात बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळी, नव्हती. एकाच दोऱ्यावर ते साखळी टीप घालायचं. साखळी टीप म्हणजे वाईट टीप नव्हे. १८३० साली फ्रान्समध्ये पेटंट मिळालेलं थिमोनिएचं यंत्र हीच टीप घालायचं आणि आजही पोत्यांची तोंडं शिवायला ती वापरतात, कारण एक टोक ओढलं की सगळी सरसर उसवते. पण अंगावर घालायच्या कपड्याच्या बगलेत एका दोऱ्याची अशी टीप चालत नाही. घरगुती शिवणयंत्राकडून आपण जी अपेक्षा करतो, ती दोन दोऱ्यांची, वरचा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध अडकवणारी टीप असते. एलियस होवला १८४६ साली पेटंट मिळालं ते याच टिपेच्या यंत्राचं. धड्यांमधली बाई अर्थात पूर्ण आकाराच्या, दोन दोऱ्यांच्या यंत्रावर शिवत होती. तिच्या शिवणी पक्क्या, माझ्या उसवलेल्या. विचारल्यावर उत्तर आलं, टोकाला गाठ मारत जा, हात बसेल.

यंत्र घेताना दोन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा. बॉबिन भरून बसवायची, आणि तुमच्याजवळच्या कापडाच्या चार पदरांवर टीप मारायची. शिवून झाल्यावर दोन्ही बाजू बघा. वरून आणि खालून टीप सारखी दिसली पाहिजे आणि टोक ओढल्यावर ती सुटता कामा नये. चित्रफीत दाखवून कुणी यंत्र विकत असेल तर ती या कसोटीची जागा घेऊ शकत नाही.

कापडाचं खोटेपण कळायला जास्त वेळ लागला. ‘१०० टक्के सुती’ अशी चिठ्ठी होती. शिवणी गोळा व्हायच्या, इस्त्रीने घडी बसायची नाही. सुती कापड इस्त्रीचं ऐकतं, हे तोवर माझ्या वाचनात आलं होतं, म्हणून कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघितले. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो, मागे मऊ राखाडी राख राहते. माझा धागा ज्योतीपासून आक्रसत मागे सरला, वितळला आणि टोकाला कडक मणी राहिला. पॉलिएस्टर. (ही चाचणी करताना खाली धातूची थाळी आणि शेजारी पाणी ठेवा, वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.) मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात, तेव्हा ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, वेगवेगळे जाळून बघावेत. पॉलिएस्टर शिवता येत नाही असं नाही, पण त्याला बारीक नवी सुई आणि कमी तापलेली इस्त्री लागते. धड्यात मात्र कडक तापवलेली इस्त्री वापरायला सांगत होते आणि माझ्या कापडावर चकाकणारे डाग पडत होते. शिवाय तुकडे उभ्या धाग्याच्या दिशेत कापलेले नव्हते. काठाला समांतर उभा धागा सापडेचना, त्यामुळे बेतलेली पॅन्ट पायाभोवती पिळवटली.

आता पॅटर्नबद्दल, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथे होता आणि तोच ओळखायला सगळ्यात अवघड आहे. यंत्राचा दोष दिसतो. कागदावरची रेघ मात्र अधिकृत वाटते. १८६३ साली एबेनेझर बटरिकने मापवार कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केल्यापासून नवख्यांची पिढ्यान्‌पिढ्या त्या रेघांवर भिस्त राहिली आहे, आणि नीट काम करणारे पॅटर्नकार तो विश्वास राखतात. आमचा संच फाइलच्या रूपात होता, छापून, जोडून, कापायचा. त्यावर मोजून बघायचा चौकोन नव्हता. चांगल्या छापील पॅटर्नवर ५ किंवा १० सेमीचा एक चौकोन असतो. तो पट्टीने मोजला की छपाई मूळ मापात झाली का ते लगेच कळतं. प्रिंटरने पान ‘बसवायला’ म्हणून आकार ९५ टक्के केला, तर १०० सेमीचा नितंबाचा घेर ९५ होतो, आणि शिकणारी समजते की आपण मापच चुकीचं घेतलं. आमच्या पॅटर्नवर उभ्या धाग्याची बाणरेषा नव्हती, जुळवणीच्या खुणा नव्हत्या, आणि माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, धरली आहे की बाहेर सोडायची हेही कुठे लिहिलं नव्हतं.

आणि बाही. शर्टाची बाही मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या खाचेत, बसेना. मी उसवून पुन्हा लावली, टाचण्या बदलल्या, कच्चे टाके घालून बघितलं. मार्गदर्शक म्हणाला, कापताना कात्री सरकली असेल. तेव्हा मी कापड बाजूला ठेवलं आणि फक्त कागद मोजला. टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरून, शिवणीच्या रेघेवरून, माया वगळून. पुढचा आणि मागचा मुंढा मिळून ४६ सेमी भरला. बाहीचा माथा, म्हणजे मुंढ्याला जोडायची तिची वरची गोलाकार कड, ४३. विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडात बाहीचा माथा मुंढ्याइतका किंवा थोडा मोठा असावा लागतो. शर्टाला हा फरक अगदी कमी असतो, कोटासारख्या बाहीला दोन ते चार सेंटीमीटरही धरतात, आणि तो जास्तीचा घेर दाबत दाबत मुंढ्यात बसवतात. ३ सेमी कमी असलेली बाही जगातला कुणीही निष्णात शिंपी लावू शकणार नाही. मी सगळे पॅटर्न मोजले. एका स्कर्टच्या दोन बाजूंच्या शिवणींची लांबी एकमेकींशी जुळत नव्हती. एका गळ्याची पट्टी गळ्यापेक्षा लांब होती. हे कपडे कुणी एकदाही शिवून बघितलेले नव्हते.

मग मी पॅटर्नच्या मुखपृष्ठावरचे फोटो मोठे करून बघितले. शर्टाच्या दोन्ही पट्ट्यांवर बटणं होती, काज कुठेच नव्हतं. एका झग्याच्या कमरेची शिवण अर्ध्यात विरून जात होती. झिप कुठल्याच शिवणीत न शिरता कापडावर नुसती चिकटवल्यासारखी दिसत होती. संगणकाने बनवलेली चित्रं होती ती. ‘विद्यार्थ्यांची कामं’ या भागातले फोटो खरे होते, पण विद्यार्थ्यांचे नव्हते. चित्रावरून शोध घेतल्यावर त्यातला एक झगा कितीतरी वर्षं आधी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी टाकलेला सापडला. त्यांना लिहिलं. त्यांना या अभ्यासक्रमाचं नावही माहीत नव्हतं.

पैसे भरण्याआधी मुखपृष्ठाचा फोटो आणि पॅटर्नचं रेखाचित्र शेजारी ठेवून बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. रेखाचित्रात पुढची आणि मागची बाजू सपाट काढलेली हवी, प्रत्येक शिवण, डार्ट (आकार देण्यासाठी शिवलेली चिमटी), उघडणारी जागा त्यात दिसायला हवी. रेखाचित्रच नसेल तर तिथेच थांबा. आणि तो पॅटर्न दुसऱ्या कुणी स्वतःच्या घरात, स्वतःच्या कापडात शिवल्याचे फोटो शोधा. खऱ्या पॅटर्नला असे फोटो असतात, वाकडे, कमी उजेडातले, पण खरे.

डिझाइनच्या भागाबद्दल थोडक्यात. आधीच काढलेल्या आकृत्या रंगवायला दिल्या होत्या. फॅशनच्या रेखाटनात आकृती नऊ डोकी उंच काढतात, प्रत्यक्ष माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास असतो, हे साधं भानही कुणी दिलं नाही. आकृती रंगवणं हा आनंदाचा भाग आहे, मला तो खरोखर आवडला. पण कल्पनेपासून कपड्यापर्यंतचा रस्ता मूळ साच्यातून, पॅटर्नमधून, स्वस्त मांजरपाटात शिवून बघण्यातून, अंगावर चढवून टाचण्या लावण्यातून आणि त्या दुरुस्त्या पुन्हा कागदावर आणण्यातून जातो. त्यातली एकही पायरी अभ्यासक्रमात नव्हती. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पैशांपेक्षाही. एखाद्याला डिझाइन म्हणजे एवढंच वाटलं आणि त्याने तिथेच सोडून दिलं, तर ते नुकसान कोण भरून देणार?

डिप्लोमा मात्र वेळेवर आला. मी एकही पूर्ण कपडा दाखवलेला नव्हता, तरी गुणवत्ता श्रेणीसह आला. मान्यता देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ कधी नोंदवलं ते शोधलं, तर ते आणि अभ्यासक्रमाचं संकेतस्थळ एकाच सुमारास नोंदवलेलं, मजकुराची धाटणीही तीच. तुमच्या हातचा कपडा उलटा करून कुणी बघणार आहे का, आणि कोण, हा प्रश्न प्रवेशाआधी विचारा. चांगली शिक्षिका कपडा आधी उलटाच करते.

त्यानंतर आलं घरबसल्या काम. कापलेले तुकडे पाठवतो, शिवून द्या, मोबदला मिळेल. फक्त कापडाची अनामत आधी भरा. तोवर माझा विश्वास उडाला होता, म्हणून मी भरली नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीने भरली. तुकडे आले, तिने शिवले, परत पाठवले. दर्जा बसला नाही म्हणून सगळा माल नाकारला आणि अनामत जप्त. कोणता दर्जा, ते कधीच सांगितलं नाही. खरं शिलाईचं काम देणारा माणूस आधी नमुना देतो, टिपेची लांबी सांगतो, किती मिलिमीटरपर्यंतची चूक चालेल ते लिहून देतो. कामगाराकडूनच आधी पैसे मागणारा काम देत नसतो. आणि ज्या बाईला वर्षभर “हात बसायला वेळ लागतो” ऐकवलं आहे, ती दर्जाचं कारण ऐकून भांडत नाही. ती मान खाली घालते.

पैसे परत मागितल्यावर ‘संच उघडला की परतावा नाही’ ही अट पुढे केली. मी वाद घातला नाही. मापांचे फोटो, टेप दिसेल असे, जाहिरातीचे दावे, मार्गदर्शकाचे संदेश, आणि मूळ झग्याच्या बाईंचं पत्र, असं सगळं एकत्र करून बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली. कार्डाने केलेल्या व्यवहारावर अशी हरकत घेता येते, पण तिला मुदत असते, म्हणून ‘अजून थोडं बघू’ म्हणत थांबू नका. माझे काही पैसे परत आले. त्या मैत्रिणीने अनामत थेट हस्तांतराने दिली होती, ती अडकली आहे. तिची तक्रार अजून चालू आहे.

मी आता एका बाईंकडे शिकते. त्यांनी माझा तो शर्ट बघितला आणि सगळ्यात आधी पॅटर्न मागितला.

त्या लोकांनी आता अभ्यासक्रमाचं नाव बदललं आहे. पॅटर्नचा संच तोच आहे. तुमच्याकडे नव्या नावाने आला असेल तर कापडाला कात्री लावण्याआधी मधल्या मापाच्या शर्टाचा कागद १०० टक्के आकारात छापा आणि मुंढा व बाहीचा माथा शिवणीच्या रेघेवरून मोजा. ४६ आणि ४३ भरले तर पुढे शिवू नका. मोजलेल्या कागदाचा फोटो काढा आणि त्याच दिवशी बँकेला कळवा.