कमी पळालेली की कागद पूर्ण असलेली?

पुण्यात जुनी ऑडी टीटी घ्यायची म्हटलं तर निवड बहुधा अशा दोन गाड्यांत येते. एक २०१६ची, जेमतेम १८ हजार किलोमीटर, पण मधल्या काही वर्षांच्या सर्व्हिसच्या नोंदीच नाहीत. दुसरी त्याच सालची, ६५ हजार पळालेली, दरवर्षीचं बिल फाइलला लावलेलं.

मन पहिलीवर जातं. पण उभी गाडीही जुनी होतेच. मीटर हलो न हलो, इंजिन ऑइल वर्षाला आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायला हवं. बाणेरच्या एखाद्या तळघरात पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीची बॅटरी बसते, डिस्कवर गंज चढतो, उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. टायरच्या कडेवर तारखेचे चार आकडे असतात, ते वाकून बघाच. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी एवढं जुनं रबर कडक होतं. पावसात कात्रजच्या घाटात माझा त्यावर भरवसा नाही. उलट १८ हजारांतच टायर बदललेले असतील, तर का ते विचारा; वय झालं म्हणून की मीटर मागे फिरवलंय म्हणून?

दुसरीत ६० हजारांच्या सुमारास एस-ट्रॉनिक, म्हणजे ऑडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिल शोधा. ते सापडलं की निम्मी काळजी मिटली. सस्पेन्शनचा खर्च निघेल, पण तो आधी कळतो तरी.

मी दुसरीच घेईन. पहिली घ्यायचीच असेल तर टायर, बॅटरी, सगळी ऑइलं यांचा खर्च किमतीतून वजा करा, विम्याच्या क्लेमची माहिती काढा. मालक चेसिस नंबर द्यायला का-कू करत असेल, तर टोकन देऊ नका.