बावीस हजारांचे मोती

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो. दिवसभर हातात मीटर असतो. रंगवलेल्या पत्र्यावर टेकवला की थर किती मायक्रॉनचा आहे ते सांगतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साठच्या खाली आला की माल परत, शंभरच्या वर गेला की गन मारणाऱ्याचा उद्धार. एकोणीस वर्षं हेच करतोय. असा माणूस रंगाच्याच बाबतीत फसला हे सांगायची लाज वाटते, म्हणून बरेच दिवस घराबाहेर कुणाला बोललो नव्हतो. पण गेल्या आठवड्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकानं विचारलं, "तुम्ही सिरॅमिक कुठं केलं हो? गाडी काय चमकत होती त्या व्हिडिओत!" तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकावं. सिरॅमिक म्हणजे गाडीच्या रंगावर चढवतात ते पातळ, पारदर्शक कोटिंग. मी फसलो ते त्यातच.

गाडी पाडव्याला घेतली. काळी. बायको शोरूममध्येच म्हणाली होती, "अहो, आपल्याकडं धूळ किती, काळी कशाला घेताय?" दिवाळीपर्यंत तिचं म्हणणं बॉनेटवर उमटलं. आमच्याकडं गाड्या पुसणारा पोरगा एका बादलीत आणि एका फडक्यात आठ गाड्या उरकतो. फडक्यात अडकलेली बारीक वाळू रंगावर गोल गोल फिरत राहते. सावलीत काही दिसत नाही, पण रात्री पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली गाडी उभी केली की बॉनेटभर कोळ्याचं जाळं. त्यात पुढं उसाचा हंगाम तोंडावर. साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी, अरुंद रस्त्यावर ट्रॉलीच्या बाहेर आलेली उसाची टोकं, हे सगळं डोळ्यांपुढं होतं. आणि नेमकी तेव्हाच फोनवर सिरॅमिक कोटिंगची जाहिरात यायला लागली.

दुकान आपल्याच शहरातलं. नाव घेत नाही. काचेची केबिन, छताला मधमाशीच्या पोळ्यासारखे दिवे, काळी चकचकीत फरशी. टेबलावर एक जुनं बॉनेट ठेवलेलं, मधोमध चिकटपट्टी, अर्धं कोटिंगचं आणि अर्धं तसंच. पंचविशीतला पोरगा, बोलायला गोड. त्यानं कोटिंगच्या बाजूवर मार्करनं रेघ मारून पुसली, लायटर धरला, मग किल्ली घासून दाखवली. "काका, नाइन एच आहे. काचेसारखं होतं. दगड लागला तरी चरा नाही. पाच वर्षं बघायचं काम नाही."

नाइन एच ऐकून खरं तर तिथंच उठायला हवं होतं. आमच्याकडं पेन्सिल टेस्ट ठरलेली. ठराविक कोनात धरून पेन्सिल रंगावर ढकलायची आणि चरा पडतो का बघायचं. मऊ ९बी पासून कडक ९एच पर्यंत पेन्सिली असतात. ९एच म्हणजे त्या ओळीतली सगळ्यात कडक पेन्सिल, आणि तिनंसुद्धा चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरची वाळू म्हणजे क्वार्ट्झ. वाळूपुढं पेन्सिलीचा काय पाड? शिवाय कोटिंगचा थर साधारण एखाद्या मायक्रॉनचा, आणि दगड लागला तर तो त्याच्या खालच्या मऊ रंगात घुसणार. हे सगळं मला पाठ आहे. पण त्या टेबलासमोर मी क्वालिटीवाला नव्हतो, नवी गाडी घेतलेला गिऱ्हाईक होतो.

भाव सांगितला २८ हजार. घासाघीस करून २२ वर आला. "बिल पाहिजे असेल तर १८ टक्के जीएसटी वर पडेल काका." चार हजार वाचवले म्हणून मी खूश! पैसे फोनवरून पाठवले तेव्हा समोर दुकानाचं नाव आलंच नाही, कुणा बाईचं नाव आलं. वाचलं आणि तसाच पुढं गेलो. हे पाप माझं. ते झाकत नाही.

शनिवारी अकरा वाजता गाडी सोडली. रविवारी दुपारी एकला फोन, "काका, या, तयार आहे." मला वाटलं, वा, पोरं रात्रभर राबलेली दिसतात.

गेलो तर गाडी बाहेर उन्हात उभी, आरशासारखी. जाळं गायब. पोरगा म्हणाला, "मोबाइल काढा काका, व्हिडिओ करा." आणि त्यानं बॉनेटवर पाइप सोडला. पाण्याचे टपोरे मोती झाले, एकमेकांना ढकलत उतारावरून घरंगळले, आणि पाइप बंद केल्यावर बॉनेट जवळजवळ कोरडं. मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. भाच्यानं खाली लिहिलं, नाद खुळा.

आता जे सांगतोय ते मला पुढं तीन महिन्यांनी कळलं. कोटिंग लावल्यावर निदान चोवीस तास त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो आणि आठवडाभर गाडी धुवायची नसते. ते रसायन हळूहळू घट्ट होत असतं, मध्येच पाणी पडून वाळलं तर डाग आतच बसतात. म्हणजे खरंच कोटिंग केलं असतं तर त्या पोरानं पाइपला हातही लावला नसता. आणि मोती म्हणाल तर साध्या तीनशे रुपयांच्या वॅक्सवरही तसेच होतात. ज्या पाण्यावर मी भाळलो, तेच पाणी कोटिंग नसल्याचं सांगत होतं, आणि मी त्याचा व्हिडिओ काढत होतो.

डिसेंबरात मोती चपटे व्हायला लागले. जानेवारीत गाडी धुतली की पाणी बॉनेटवर ओल्या चादरीसारखं पसरून बसायचं. जाळं परत आलं. सोबत एक नवीन पाहुणा होता. उन्हात तिरपं बघितलं की बॉनेटवर कमानीसारखे चमकते पट्टे दिसायचे, घुसळल्यासारखे. आणि बॉनेटच्या डाव्या कडेला, जिथं पत्रा वळतो तिथं, रुपयाच्या नाण्याएवढा एक मेलेला ठिपका. हाताला गुळगुळीत, पण त्यात काही दिसायचं नाही. आजूबाजूला आभाळ दिसतं आणि तेवढ्याच जागी नाही.

त्यातच आष्ट्याकडून येताना डबल ट्रॉलीला बाजू दिली आणि उसाच्या टोकांनी मागच्या दारावर दोन लांब चरे ओढले. किल्लीनं चरा पडत नव्हता ना? मी वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात.

ते कार्ड अजून माझ्याकडं आहे. जाड, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचं, लग्नपत्रिकेच्या तोडीचं. बाटलीचा नंबर लिहायची जागा रिकामी. पोटात पाच वर्षांची वॉरंटी आणि पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत जे वॉरंटीत बसत नाही ते. दगड, ओरखडे, पाण्याचे डाग, पक्ष्यांची घाण, कारखान्यांचं प्रदूषण. शिवाय दर तीन महिन्यांनी याच दुकानात २,५०० रुपयांचं मेंटेनन्स सक्तीचं, एक जरी चुकलं तरी वॉरंटी रद्द. म्हणजे गाडी घरात पांघरूण घालून ठेवली तर वॉरंटी चालू. पोरगा आता काका म्हणेना, साहेब म्हणायला लागला. "साहेब, तुम्ही मेंटेनन्सला आलाच नाहीत. आणि ओरखड्यासाठी पीपीएफ लागतं, ते मी तुम्हाला तेव्हाच बोललो होतो." बोलला नव्हता. पण पीपीएफचं ते खरं आहे. ती पारदर्शक फिल्म दीड-दोनशे मायक्रॉनची असते आणि दगड, ओरखडे ती झेलते. कोटिंगचं काम वेगळं. रंग उन्हानं लवकर मरू नये, घाण घट्ट चिकटू नये, धुणं सोपं व्हावं. खरं कोटिंग केलं तरी एवढंच मिळतं, आणि एवढंसुद्धा कमी नाही.

शनिवारी आमच्या साहेबांना विचारून कारखान्यातला मीटर घरी आणला. टपावर टेकवला, ११६. चारी दारं १०८ ते १२० च्या दरम्यान. कारखान्यातून आलेल्या गाडीला एवढा रंग शोभतो. बॉनेटच्या मधोमध ९४. आणि त्या मेलेल्या ठिपक्यावर ६१. मी मीटर पुसून पुन्हा टेकवला. ६१. बंपर प्लास्टिकचा, तिथं आमचा मीटर मुका, त्यामुळं तिथं काय झालंय देव जाणे.

या आकड्यांचा अर्थ सांगतो. मीटर लोखंडापासून वरपर्यंतचा सगळा थर मोजतो. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग काळा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. चमक म्हणतो ती या क्लिअरची. ऊन, पाऊस, साबण, सगळं तोच अंगावर घेतो. गाडीला पुढची दहा-पंधरा वर्षं पुरेल एवढा क्लिअर एकदाच मिळतो. माझ्या बॉनेटच्या कडेचा तो संपला होता. म्हणजे कोटिंगचा एक मायक्रॉन चढायच्या ऐवजी पन्नास उतरले, आणि मजुरी मी दिली.

मग भाच्याच्या ओळखीनं कोल्हापूरच्या एका डिटेलिंगवाल्याला गाडी दाखवली. पन्नाशीचा माणूस, हात कंपाउंडनं, म्हणजे रंग घासायच्या लेपानं, पांढरे. त्यानं बॉनेटवर टॉर्च तिरपा धरला आणि विचारलं, "एका दिवसात दिली?" हो म्हटल्यावर हसला. त्याच्या मते झालं ते असं. बफिंगचं गोल फिरणारं जड मशीन, त्याला लोकरीचं पॅड, आणि जाड कंपाउंड. यानं जाळं तासाभरात जातं, पण रंग तापतो आणि कडेला, जिथं आधीच थर पातळ, तिथं क्लिअर जळून जातो. जाणता कारागीर कडेला टेप लावतो. मशीनचे उमटलेले पट्टे झाकायला वरून ग्लेझ, म्हणजे तेलकट पॉलिश, जे चऱ्यांमध्ये भरून बसतं आणि चरे दिसेनासे करतं. शेवटी स्प्रेचं वॅक्स, मोत्यांसाठी. चार धुण्यांत ग्लेझ गेलं, आठ-दहात वॅक्स.

"त्याच दिवशी कापडावर थोडं आयपीए घेऊन हातभर जागा पुसली असती, तर तिथल्या तिथं जाळं वर आलं असतं," तो म्हणाला. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. आमच्या कारखान्यात ते कॅननं पडलेलं असतं. पुसायला वापरतो आम्ही. काय बोलणार?

खरं काम कसं चालतं ते मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्याकडं उभं राहून बघितलं. एका पांढऱ्या गाडीला तीन दिवस. धुऊन झाल्यावर लोह काढणारं औषध मारलं आणि पांढऱ्या दारांवरून जांभळे ओघळ आले. ब्रेकची धूळ आणि लोखंडाचे कण असे बाहेर येतात. मग ओल्या रंगावरून मातीचा गोळा फिरवला, खरखर जाईपर्यंत. प्रत्येक पत्र्यावर मीटर लावून आकडे मास्किंग टेपवर लिहिले. मग पॉलिश, फोमचं पॅड आणि वेडंवाकडं फिरणारं हलकं मशीन. पॉलिशचं तेल आयपीएनं पूर्ण पुसलं, कारण तेल राहिलं तर कोटिंग रंगाला धरत नाही. या टप्प्यावर त्यानं मालकाला बोलावून दिव्याखाली बॉनेट दाखवलं. रंगाची खरी अवस्था बघायची असेल तर हीच वेळ. नंतर सगळं चांगलंच दिसतं.

आणि मग बाटली. मला वाटलं होतं डबा असेल. डोळ्यांत घालायच्या औषधापेक्षा जरा मोठी, ३० मिलीची, सीलबंद. मालकासमोर फोडली. एवढ्यात एक गाडी होते. फडकं गुंडाळलेल्या ठोकळ्यावर थेंब टाकून दोन-दोन फुटांची जागा उभी-आडवी पुसायची, पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी झाक आली की दुसऱ्या फडक्यानं सारखं करायचं. उशीर झाला तर तिथं कायमचा डाग. एकदा बाटली फुटली की हवेतल्या ओलाव्यानं आतलं घट्ट व्हायला लागतं, म्हणून "कालची उरलीय" असलं कोटिंग कुणी लावायला निघालं तर गाडी घेऊन घरी यावं. मी फसलो त्या दुकानात बाटली बघितली होती का? बघितली होती की. शोकेसमध्ये, काचेआड, दिव्याखाली.

तक्रारीचंही सांगतो. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. पलीकडच्या बाई नीट बोलल्या, पहिला प्रश्न बिलाचा. बिल नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हेही कळलं. पैसे पाठवल्याची नोंद, "पाच वर्षं बघायचं काम नाही" म्हणणारे दुकानातल्या पोराचे आवाजातले मेसेज, आणि मीटरचे फोटो, एवढा पुरावा माझ्याकडं होता. वकील मित्र म्हणाला, चालेल, पण चार हजारांचं बिल घेतलं असतंस तर पळालं असतं. ही सगळी जमवाजमव त्या दुकानदाराला पाठवली तेव्हा रात्री दहाला त्याचा फोन आला आणि सहा हजार परत आले. पुन्हा, मी पैसे पाठवले होते त्याच बाईच्या खात्यावरून. मी तिथंच थांबलो. थांबायला नको होतं असं बायकोचं मत आहे आणि ती बहुधा बरोबर आहे.

बॉनेट रंगवून घेतलं, सात हजार गेले. रंग उत्तम जुळलाय, मलाही ओळखू येत नाही. पण रंगवलेल्या पत्र्यावर मीटर आता १९० दाखवतो. उद्या गाडी विकायला काढली की घेणारा मेकॅनिकला घेऊन येईल, तो टपावर मीटर टेकवेल, दारांवर टेकवेल, मग बॉनेटवर टेकवून माझ्याकडं बघेल आणि म्हणेल, "काका, खरं सांगा, पुढून कुठं ठोकली होती?"